मुलांचा उंच आवाज : चर्चगायन, संगीत रंगभूमी आणि ‘आवाज फुटण्या’चा प्रश्न

प्रस्तावना :

मराठवाड्यातील कोणत्याही गावी अखंड हरिनाम सप्ताह सुरू झाला की सायंकाळच्या हरिपाठात सर्वांत पुढे टाळ घेऊन उभी असतात ती आठ ते बारा वर्षांची मुले. आखाडा बाळापूर परिसरही यास अपवाद नाही. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ज्या नर्सीकडे श्रद्धेने पाहिले जाते, ती याच हिंगोली जिल्ह्यात असल्याने भजन-कीर्तनाचा संस्कार येथील मुलांवर लहानपणापासून होत असतो. या मुलांचा उंच, स्वच्छ आणि मोकळा स्वर मागे उभ्या असलेल्या प्रौढांच्या आवाजावरून तरंगत जातो. पुढे दोन-तीन वर्षांत हीच मुले मागच्या रांगेत सरकतात आणि त्यांपैकी बहुतेक गाणे सोडून केवळ टाळ वाजवू लागतात. प्रस्तुत लेखकही अशाच मुलांपैकी एक होता. तेराव्या वर्षी आवाज घोगरा झाला तेव्हा भजनी मंडळातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ‘आता तुझा आवाज गेला’ असे सांगितले आणि गाणे कायमचे थांबले. आवाज खरोखर ‘जातो’ काय, हा प्रश्न मात्र मनात राहिला.

या प्रश्नाचा विचार करताना जगातील दोन परंपरांकडे लक्ष जाते. एक म्हणजे युरोपातील चर्चमधील बालगायकांची परंपरा आणि दुसरी म्हणजे आपली मराठी संगीत रंगभूमी. वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. तथापि दोहोंनीही मुलांच्या उंच आवाजावर मोठी कला उभी केली आणि तो आवाज बदलल्यानंतर काय करावयाचे, या प्रश्नास दोहोंनाही सामोरे जावे लागले. या दोन परंपरांच्या आधारे मुलांच्या आवाजाचे स्वरूप स्पष्ट करणे आणि त्यातून आपल्या शाळा-महाविद्यालयांनी काय बोध घ्यावा याची चर्चा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आवाज उंच का असतो आणि तो का बदलतो?

मनुष्याचा आवाज स्वरयंत्रातील दोन स्वरतंतूंच्या कंपनातून निर्माण होतो. तार जितकी आखूड व बारीक तितका तिचा स्वर उंच, हा सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या तारेस लागू पडणारा नियम येथेही स्थूलमानाने लागू पडतो. वयात येण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी यांच्या स्वरतंतूंच्या लांबीत फारसा फरक नसतो. त्यामुळे प्राथमिक शाळेतील मुले-मुली एकाच पट्टीत सहज गाऊ शकतात.

वयात येताना मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. त्याच्या प्रभावाने स्वरयंत्र मोठे होते, गळ्यावर कंठमणी दिसू लागतो आणि स्वरतंतू लांब व जाड होतात. प्रौढ पुरुषाच्या स्वरतंतूंची लांबी सुमारे १७ ते २५ मिलिमीटर, तर प्रौढ स्त्रीच्या स्वरतंतूंची सुमारे १२.५ ते १७.५ मिलिमीटर असते. परिणामी मुलाचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. म्हणजेच बोलण्याच्या स्वराची कंपनसंख्या सुमारे निम्म्यावर येते. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, परंतु तो दोन-तीन स्वरच खाली येतो. म्हणून तो बदल कोणाच्या फारसा ध्यानात येत नाही.

यालाच आपण ‘आवाज फुटणे’ म्हणतो. वस्तुतः येथे काहीही फुटत नाही. वाद्य मोठे होत असते आणि ते वाजविणाऱ्या स्नायूंना नव्या मापाची सवय झालेली नसते. बोलता बोलता आवाज एकदम उंच जातो किंवा चिरकतो, त्याचे कारण हेच होय. हा बदल एका रात्रीत होत नाही. तो टप्प्याटप्प्याने, साधारणतः एक-दोन वर्षे चालतो. अमेरिकेतील संगीतशिक्षक जॉन कुक्सी यांनी १९७० च्या दशकात या बदलाचे टप्पे सविस्तर मांडले आणि प्रत्येक टप्प्यात मुलाची स्वरमर्यादा वेगळी असते, हे दाखवून दिले.

चर्चगायनातील बालस्वर :

युरोपातील चर्चमध्ये मुलांच्या आवाजास जे महत्त्व आले त्यामागे केवळ सौंदर्यदृष्टी नव्हती. स्त्रियांनी मंडळीत मौन धारण करावे, या अर्थाचे संत पौलाचे वचन बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. त्याच्या आधारे शतकानुशतके स्त्रियांना उपासनेतील गायकवृंदापासून दूर ठेवण्यात आले. दुसरीकडे, चार स्वतंत्र स्वरपंक्ती एकाच वेळी गाण्याची पद्धत विकसित होत गेली. तिला सर्वांत वरची पंक्ती गाणारा आवाज आवश्यक होता. ही उणीव मुलांनी भरून काढली. हार्मोनियमच्या भाषेत सांगावयाचे तर प्रशिक्षित मुलाचा आवाज मधल्या सप्तकातील पांढरी एकपासून वरच्या सप्तकातील पांढरी सहापर्यंत, म्हणजे सुमारे २६० ते ८८० हर्ट्झपर्यंत सहज फिरतो.

या गरजेतून मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. जर्मनीतील लाइपझिग येथील सेंट थॉमस चर्चचा बालगायकवृंद आपला प्रारंभ १२१२ पासून मानतो. योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० मधील मृत्यूपर्यंत तेथे संगीतप्रमुख होते आणि त्यांच्या उपासनासंगीतातील वरचे स्वर याच शाळेतील मुले गात असत. व्हिएन्ना येथील बालगायकवृंदाचा उगम सम्राट मॅक्सिमिलियन पहिला याने १४९८ मध्ये केलेल्या व्यवस्थेत आहे. केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजची स्थापना सहाव्या हेन्रीने १४४१ मध्ये केली. तेथील गायकवृंदासाठी १६ मुलांची तरतूद होती आणि ती संख्या आजही परंपरेने जपली जाते.

या परंपरेची एक काळी बाजूही आहे. मुलाचा आवाज कायम उंच राहावा म्हणून इटलीत वयात येण्यापूर्वीच मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांचे पौरुष नष्ट केले जात असे. अशा गायकांपैकी फारिनेली (१७०५-१७८२) याने युरोपभर कीर्ती मिळविली. परंतु ज्यांना कीर्ती लाभली नाही आणि ज्यांचे आयुष्य मात्र उद्ध्वस्त झाले, अशांची नावे इतिहासात नाहीत. पोप दहावे पायस यांनी १९०३ मध्ये काढलेल्या आदेशात चर्चमधील उंच स्वरांसाठी मुलांचीच योजना करावी असे सांगितले. या प्रथेतील अखेरच्या गायकांपैकी अलेस्सांद्रो मोरेस्की (१८५८-१९२२) यांचा आवाज १९०२ व १९०४ मध्ये ध्वनिमुद्रित झाला असून तो आजही ऐकता येतो.

आवाज बदलल्यानंतर या मुलांचे काय होत असे? प्रसिद्ध संगीतकार योसेफ हायडन (जन्म १७३२) बालपणी व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन चर्चमध्ये गात असे. आवाज निकामी ठरताच १७४९ च्या सुमारास त्याला तेथून बाहेर पडावे लागले आणि तो निराधार झाला. याउलट फ्रान्झ शुबर्टचा आवाज १८१२ मध्ये बदलला, तरी वसतिगृहातील त्याचे शिक्षण पुढे काही काळ सुरू राहिले. दोघांच्याही बाबतीत निसर्गाने केलेला बदल एकच होता. संस्थेचे वर्तन मात्र भिन्न होते. ही बाब अध्यापकांनी विशेषत्वाने लक्षात घ्यावी अशी आहे.

आपल्याजवळच्या गोव्यातही ही परंपरा रुजली. १५१० मध्ये पोर्तुगीजांची सत्ता आल्यानंतर तेथील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपीवाचन, व्हायोलिन आणि उपासनागायन शिकविले जाऊ लागले. पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीस ज्या गोमंतकीय वादकांनी व संगीतसंयोजकांनी समृद्ध केले, त्यांच्या शिक्षणाची मुळे याच शाळांत होती. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. मुलाच्या उंच आवाजाचे आयुष्य अल्प असले तरी त्या काळात मिळालेले स्वरज्ञान आयुष्यभर टिकते, याचे हे जवळचे उदाहरण होय.

मराठी संगीत रंगभूमीवरील मुलांचा आवाज :

चर्चने जसे स्त्रीच्या आवाजास दूर ठेवले, तसेच एकोणिसाव्या शतकातील प्रतिष्ठित मराठी समाजाने स्त्रीस रंगमंचापासून दूर ठेवले. परिणामही सारखाच झाला. सुभद्रा, शकुंतला, शारदा यांच्या भूमिका करण्यासाठी गोड गळ्याच्या मुलांचा शोध सुरू झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मंडळीत दाखल झालेले भाऊराव कोल्हटकर (१८६३-१९०१) यांनी सुभद्रेची भूमिका गाजविली. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८-१९६७) यांना बालवयातील गायनामुळे ‘बालगंधर्व’ ही उपाधी लोकमान्य टिळकांनी दिली असे सांगितले जाते. ते १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. कोल्हापूरचे केशवराव भोसले (१८९०-१९२१) यांनी लहानपणीच ‘शारदा’ नाटकातील शारदेची भूमिका करून नाव मिळविले. गोव्यातील मंगेशी येथे जन्मलेले मास्टर दीनानाथ मंगेशकर (१९००-१९४२) हेही कोवळ्या वयातच रंगभूमीवर आले.

येथे एक महत्त्वाचा फरक नमूद करणे आवश्यक आहे. चर्चमध्ये मुलाचा आवाज बदलला की त्याची जागा दुसरा मुलगा घेत असे. आपल्या रंगभूमीवर मात्र नटाचे नावच नाटक चालवीत असल्याने आवाज बदललेल्या नटासच मार्ग शोधावा लागे. हे मार्ग दोन होते. बालगंधर्वांनी आवाज बदलल्यानंतरही स्त्रीभूमिका सोडल्या नाहीत. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्यास तो मुलाचा आवाज नव्हे, तर प्रौढ पुरुषाचा सुरेल आवाज आहे हे ध्यानात येते. स्त्रीत्वाचा भास उंच पट्टीने नव्हे तर लालित्याने, शब्दोच्चाराने आणि लयीच्या नाजूक हाताळणीने निर्माण केलेला आहे. केशवराव भोसले यांनी दुसरा मार्ग स्वीकारला. त्यांनी १९०८ मध्ये ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली आणि पुढे पुरुषभूमिकांत आपला तडफदार आवाज प्रभावीपणे वापरला. हे दोन्ही मार्ग ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत एकाच रंगमंचावर आले. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘मानापमान’च्या संयुक्त प्रयोगात बालगंधर्व भामिनी, तर केशवराव धैर्यधर झाले होते. बालवयात स्त्रीभूमिकांसाठी नावाजले जाऊ शकतील असे हे दोन गळे त्या रात्री नायिका आणि नायक म्हणून समोरासमोर उभे होते. आवाज बदलणे म्हणजे आवाज संपणे नव्हे, याचा याहून चांगला पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

पुढे स्त्रिया रंगमंचावर आल्या. हिराबाई बडोदेकर (१९०५-१९८९) यांनी संगीत नाटकांत भूमिका केल्या आणि १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. त्यानंतर मुलांच्या आवाजाची सक्ती हळूहळू संपली. चर्चमध्ये हा बदल उशिरा झाला. इंग्लंडमधील सॅलिसबरी कॅथेड्रलने १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र गायकवृंद सुरू केला, तर लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये मुलींना गायकवृंदाचे पूर्ण सदस्यत्व मिळण्यास २०२४ साल उजाडले. मुलगा आणि मुलगी यांना समान शिक्षण मिळाल्यास त्यांच्या आवाजातील भेद सामान्य श्रोत्यास ओळखणे कठीण जाते, हा अनुभव आता सर्वमान्य होत आहे. मुलांच्या आवाजाचे सौंदर्य खरेच आहे. परंतु त्याची अपरिहार्यता ही समाजाने स्त्रियांवर लादलेल्या मौनातून निर्माण झालेली होती.

शाळा-महाविद्यालयांसाठी बोध :

आपल्याकडे प्रार्थना, समूहगीत, स्नेहसंमेलन यांत आठवी ते दहावीची मुले गात नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. या तक्रारीचे एक कारण पट्टीत आहे. समूहगीत सामान्यतः मुलींच्या सोयीने काळी चार किंवा काळी पाचमध्ये बसविले जाते. ज्या मुलाचा आवाज अर्धवट उतरला आहे, त्यास ही पट्टी काही काळ चालते. परंतु आवाज पूर्ण उतरलेल्या मुलाची मोठी कोंडी होते. मुलींच्या बरोबरीने गावे तर तार षड्ज गाठता येत नाही. एक सप्तक खाली गावे तर खर्जाचा षड्ज सापडत नाही. हा मुलगा बेसूर नसतो, त्याला जागाच दिलेली नसते. एका सप्तकात मावणारे गीत काळी एकमध्ये घेतल्यास असा मुलगा आपल्या नव्या आवाजात आणि मुली व लहान मुले त्याच्या वरच्या सप्तकात एकत्र गाऊ शकतात. ज्यांचा आवाज मधल्या टप्प्यात आहे, त्यांना पाच-सहा स्वरांत फिरणारे ध्रुवपद किंवा नामघोष द्यावा.

आवाज बदलताना गाणे पूर्ण बंद ठेवावे, असे जुने मत होते. आज मात्र सहजसाध्य स्वरमर्यादेत, जोर न लावता गात राहावे या मताकडे कल आहे. त्यासाठी दर एक-दोन महिन्यांनी मुलाची पट्टी तपासावी, वर्गाप्रमाणे नव्हे तर आवाजाप्रमाणे गट करावेत आणि तार सप्तकात ओरडून गाण्याचा आग्रह धरू नये. गाणे किंवा ओरडणे थांबवूनही घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला किंवा दुखत असेल, तर तो वयाचा परिणाम समजून न सोडता वैद्यकीय सल्ला घ्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा बदल येणार आहे, याची कल्पना मुलास आधीच द्यावी. वर्गात आवाज चिरकल्यावर उठणारे हसू अनेकांचे गाणे कायमचे थांबविते.

समारोप :

मुलांचा उंच आवाज ही निसर्गाने काही वर्षांपुरती दिलेली देणगी आहे. ती टिकविण्याच्या हट्टापायी युरोपने मुलांच्या शरीरावर आघात केले. ती संपताच कित्येकांना रस्त्यावरही सोडले. आपल्या रंगभूमीने मात्र त्याच मुलांतून बालगंधर्व आणि केशवराव घडताना पाहिले. आवाज जात नाही, तो स्थलांतर करतो. नव्या जागी त्याची ओळख करून देणारा कोणी भेटला तर गाणे पुढे चालू राहते. हरिपाठात पुढच्या रांगेतून मागे सरकणाऱ्या मुलाच्या हाती टाळ देताना ‘तुझा आवाज गेला’ असे न म्हणता ‘आता खालच्या पट्टीत गाऊन पाहा’ एवढे जरी आपण सांगू शकलो, तरी या विषयाच्या अभ्यासाचे सार्थक होईल.