बोगनवेल कमी पाण्यात का फुलते?

वैशाखातील दुपार. परभणीच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. अंगणातील रोपांनी माना टाकल्या आहेत. पण कुंपणावरची बोगनवेल मात्र गुलाबी रंगाने डवरली आहे. याउलट रोज बादलीभर पाणी मिळणारी बोगनवेल हिरवीगार असूनही पुष्कळदा फुलत नाही. असे का व्हावे?

आधी तिचे फूल हातात घेऊन पाहा. आपण ज्यांना पाकळ्या समजतो, ती तीन रंगीत पाने आहेत. त्यांना छदे म्हणतात. प्रत्येक छदाला आतून एक बारीक नळी चिकटलेली दिसेल. तेच खरे फूल! थंड प्रदेशातील हायड्रेंजियाच्या झुपक्यांतही शोभा पाकळ्यांची नसते, तर मोठ्या झालेल्या निदलांची असते. मात्र त्याला गारवा व ओलसर माती लागते. आपल्या उन्हात ते तग धरणार नाही.

बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतील. भरपूर पाणी मिळाले, की ती फांद्या व पाने वाढवीत राहते. पाण्याचा थोडा ताण बसला, की ही वाढ मंदावते आणि फुले येऊ लागतात. परभणीची काळी माती पाणी धरून ठेवते. अशा मातीत मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. म्हणून जागा थोडी उंच करून मातीत मुरूम व शेणखत मिसळावे. दिवसभर ऊन मिळेल असे पाहावे. बहर ओसरला, की छाटणी करावी. कारण फुले नव्या फुटीवर येतात.

जात कोणती निवडावी? 'मेरी पामर'च्या एकाच झाडावर पांढरी आणि गुलाबी छदे येतात. तिच्याच एका वेगळ्या निघालेल्या फांदीपासून पांढरीशुभ्र 'शुभ्रा' मिळाली. 'महारा'ची छदे अनेक पदरी असतात, पण सुकल्यावरही ती फांदीवरच लोंबत राहतात. पसंत पडलेल्या जातीची पेन्सिलीएवढी जाड फांदी पावसाळ्यात लावली, तर मूळ झाडासारखेच रोप मिळते.

आता एक प्रयोग करा. एकाच झाडाच्या दोन फांद्या सारख्या कुंड्यांत लावा. त्या चांगल्या रुजून वाढल्या, की एकीला रोज पाणी द्या. दुसरीला वरची माती सुकल्यावरच द्या. कोणती आधी फुलते, याची वहीत नोंद ठेवा. जेथे उन्हाळ्यात घागरभर पाणीही जपून वापरावे लागते, तेथे या प्रयोगाचे उत्तर मोलाचे आहे.