डेनहॉम एलियट : झिजलेल्या कोटातला सभ्य माणूस

‘अल्फी’ (१९६६) हा सर्वस्वी मायकेल केनचा चित्रपट. कथा त्याची, गप्पाही तोच थेट प्रेक्षकांशी मारतो. तरीही चित्रपट संपल्यावर मनातून जात नाही तो चोरून गर्भपात करणारा एक इसम. ब्रिटनमध्ये तेव्हा गर्भपात हा गुन्हा होता. त्याला मोकळीक देणारा कायदा १९६७ साली झाला. हा माणूस अल्फीच्या खोलीवर येतो. कपडे बरे, बोलणं सुशिक्षित माणसाचं. समोरच्यांना तो कायद्याचा इशारा देतो तो असा, की जणू आपण दवाखान्यात खुर्चीवर बसलो आहोत. पैशांची गोष्ट निघते तेव्हा मात्र या भारदस्तपणाचं अस्तर उसवलेलं दिसतं. कधीकाळी याला समाजात काही स्थान असावं आणि ते याने स्वतःच घालवलं असावं, हे संवादात कुठेही न सांगता कळतं. एवढ्याशा भूमिकेत एका माणसाची अख्खी घसरण दाखवणारा हा नट म्हणजे डेनहॉम एलियट.

एलियटचा जन्म ३१ मे १९२२ रोजी लंडनमध्ये झाला. अभिनय शिकायला तो राडा या नामांकित संस्थेत गेला, पण तिथे रमला नाही. युद्ध सुरू झाल्यावर तो शाही हवाई दलात बॉम्बफेकी विमानावर वायरलेस ऑपरेटर झाला. १९४२ साली त्याचं विमान जर्मनांनी पाडलं, ते उत्तर समुद्रात कोसळलं आणि उरलेलं युद्ध त्याने सायलीशियातल्या युद्धकैद्यांच्या छावणीत काढलं. छावणीत कैद्यांची नाटकं होत. ती बसवण्यात आणि त्यांत कामं करण्यात तो पुढे असे. राडापेक्षा ही छावणीच त्याची खरी शाळा, असं मला वाटतं. भूक, कंटाळा आणि धाक यांच्यात माणसं आपला रुबाब कसा सांभाळतात आणि तो कुठे गळून पडतो, हे त्याने तिथे वर्षानुवर्षं जवळून पाहिलं. पुढे ‘किंग रॅट’ (१९६५) या चांगीच्या जपानी छावणीवरच्या चित्रपटात त्याने कैदी अधिकारी साकारला, तो या अनुभवाच्या बळावर.

सुरुवात मात्र देखण्या तरुणाच्या भूमिकांनी झाली. पन्नासच्या दशकातल्या ब्रिटिश चित्रपटांना नीटनेटके, सुसंस्कृत नौदल अधिकारी हवे असत. ‘द क्रुएल सी’ (१९५३) मध्ये तो असाच एक अधिकारी आहे. पेशाने वकील, आणि मनात बायकोच्या वागण्याचं शल्य. काम चोख आहे, पण अशा चोख तरुणांची तेव्हा तिथे रांग लागली होती. मग साठच्या दशकात कामगार वस्त्यांतले, रांगड्या बोलीचे नायक आले आणि जुन्या वळणाचे सभ्य गृहस्थ मागे पडले. एलियटने ही पीछेहाटच आपला विषय केली. ‘नथिंग बट द बेस्ट’ (१९६४) मध्ये तो एका महत्त्वाकांक्षी कारकुनाला उच्चवर्गीयांच्या लकबी शिकवणारा, घरच्यांनी टाकलेला खुशालचेंडू झाला. इथून पुढचं त्याचं जवळपास सगळं उत्तम काम एकाच जातीचं आहे : शिष्टाचार शाबूत, आतून मात्र माणूस कोसळलेला.

टेलिव्हिजनवर त्याने केलेल्या कामाची चर्चा फार कमी होते, आणि मला याचं खरोखर वाईट वाटतं. चार्ल्स डिकन्सच्या कथेवरून बीबीसीने १९७६ च्या नाताळात दाखवलेला ‘द सिग्नलमॅन’ पाहा. लांबी जेमतेम पाऊण तास. रेल्वेची खोल खिंड, बोगद्याचं तोंड, लाल दिवा आणि सिग्नलची केबिन, बस्स. एलियटचा सिग्नलमॅन पाहुण्याशी अदबीने वागतो, आपल्या कामाबद्दल अभिमानाने बोलतो. बोलता बोलता त्याचं लक्ष घंटेकडे जातं. पाहुण्याला काहीच ऐकू आलेलं नसतं. एलियट दचकत नाही, डोळे विस्फारत नाही. वाक्य अर्ध्यावर राहतं, चेहरा क्षणभर तिकडे वळतो, आणि परत वळताना त्यावर दिलगिरी असते. पाहुण्यासमोर आपलं लक्ष उडालं याची. भुताच्या गोष्टीतली भीती त्या दिलगिरीतून अंगावर येते. सूचना मिळते आहे, पण कशाची ते कळत नाही, म्हणून कुणाला सावधही करता येत नाही. कर्तव्यदक्ष माणसाची ही तडफड त्याने ज्या संयमाने दाखवली आहे, तिला मी त्याच्या सगळ्या कामात पहिलं स्थान देईन.

त्याच वर्षी त्याने नाटककार डेनिस पॉटरच्या ‘ब्रिमस्टोन अँड ट्रीकल’मध्ये बापाचं काम केलं. बीबीसीने ते नाटक अडवून ठेवलं, ते दिसलं थेट १९८७ मध्ये. मधल्या काळात १९८२ साली त्यावर चित्रपट निघाला, आणि त्याच भूमिकेत पुन्हा एलियटच होता.

हॉलिवूडने त्याला इंडियाना जोन्सचा मित्र मार्कस ब्रॉडी म्हणून जगभर पोचवलं. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) मधला ब्रॉडी गंभीर विद्वान आहे. ‘द लास्ट क्रुसेड’ (१९८९) मध्ये त्याला परक्या गावात वाट चुकणारा वेंधळा केलं आहे. एलियट दोन्हीकडे गोड वाटतो, पण पहिला ब्रॉडी मला अधिक मोलाचा वाटतो.

ऐंशीचं दशक खरं त्याचं. ‘ट्रेडिंग प्लेसेस’मधला बटलर, ‘अ प्रायव्हेट फंक्शन’मधला रेशनिंगच्या काळात चोरून पाळलेल्या डुकरावर डोळा ठेवून असलेला उद्दाम डॉक्टर आणि ‘डिफेन्स ऑफ द रेल्म’मधला दारूत बुडालेला जुना पत्रकार, या तीन भूमिकांसाठी त्याला सलग तीन वर्षं बाफ्टाचं सहायक अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. यातला पत्रकार व्हर्नन बेलिस सर्वांत थोर. सुरकुतलेल्या कपड्यांतला हा माणूस तरुण सहकाऱ्यांना संपलेला वाटतो. खरी बातमी मात्र त्याच्याच हाती लागलेली असते. लहान मुलं, जनावरं आणि डेनहॉम एलियट यांच्याबरोबर कधी काम करू नये, हे त्याच चित्रपटाचा नायक गॅब्रिएल बर्न याचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य प्रसिद्ध आहे. चित्रपट पाहिला की त्यातली तक्रार आणि कौतुक दोन्ही पटतात.

‘अ रूम विथ अ व्ह्यू’ (१९८५) मधला मिस्टर इमर्सन या सगळ्यांपेक्षा वेगळा. निर्माता मुंबईत जन्मलेला इस्माईल मर्चंट, दिग्दर्शक जेम्स आयव्हरी, पटकथा रूथ प्रावर झाबवाला यांची. फ्लॉरेन्सच्या एका अतिथिगृहात जेवणाच्या टेबलावर हा म्हातारा अनोळखी बायकांना आपल्या खोल्या देऊ करतो. खिडकीतून नदी दिसावी एवढंच तर त्यांना हवं आहे! उपस्थित मंडळींना हे अशिष्ट वाटतं. आयुष्यभर शिष्टाचारात गुदमरलेली माणसं रंगवणाऱ्या नटाने इथे शिष्टाचार न कळणारा माणूस केला, आणि काय मोकळेपणाने केला! या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. पुरस्कार ‘हॅना अँड हर सिस्टर्स’साठी मायकेल केनला गेला, म्हणजे ‘अल्फी’च्या नायकालाच.

१९८७ मध्ये त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं निदान झालं. त्या काळी या निदानानंतर आशेला फारशी जागा नव्हती. तरी तो काम करत राहिला : ‘द लास्ट क्रुसेड’, ऑस्ट्रेलियन मालिका ‘बँकॉक हिल्टन’, आणि ‘अ मर्डर ऑफ क्वालिटी’ (१९९१) मध्ये कादंबरीकार जॉन ल कारेचा हेर जॉर्ज स्मायली. ॲलेक गिनेसने गाजवलेली ही भूमिका स्वीकारायलाही धैर्य हवं. ६ ऑक्टोबर १९९२ रोजी इबिझा बेटावरच्या घरी तो गेला.

त्याच वर्षी आलेला ‘नॉइजेस ऑफ’ हा त्याचा शेवटचा चित्रपट. दिग्दर्शक पीटर बोग्डानोविच, ज्याच्या ‘सेंट जॅक’मध्ये (१९७९) त्याने हाँगकाँगहून येणारा शालीन हिशेबनीस केला होता. ‘नॉइजेस ऑफ’मध्ये तो फिरत्या नाटक कंपनीतला पिणारा म्हातारा नट आहे. प्रवेशाच्या वेळी हा रंगमंचावर येईल की नाही, या धास्तीने सगळी कंपनी त्याला शोधत फिरते.