बंद यंत्राला विचारायचे तीन प्रश्न

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एखादं यंत्र चार पावसाळे कोपऱ्यात पडून राहिलं, की आपण त्याला भंगार म्हणून मोकळे होतो. पण बंद पडणं वेगळं आणि संपणं वेगळं. हा फरक कसा ओळखायचा, ते आज गवत कापायच्या यंत्राच्या निमित्तानं सांगणार आहे.

मी कवी, शिक्षण बी.ए. मी इंजिनविषयी बोलावं याचं आपल्याला नवल वाटेल. पण मी इचलकरंजीचा. आमच्याकडे मुलं मागांच्या खडखडाटात मोठी होतात आणि पाना-पकडीशी प्रत्येकाची थोडीफार ओळख असतेच.

गवत कापायच्या यंत्राचं आमच्या धंद्याशी दूरचं नातंही आहे. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमध्ये स्ट्राउड नावाचं गाव लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या गिरण्यांत कापडावरचे उभे राहिलेले तंतू छाटण्यासाठी एक यंत्र असे. एका रुळावर पिळाची पाती बसवलेली असत. एडविन बडिंग या कारागिरानं विचार केला, की कापडाची हजामत होते तर हिरवळीची का होणार नाही? १८३० साली त्यानं पेटंट घेतलं. पुढे १९०२ मध्ये रॅन्सम्स या इंग्रज कंपनीनं पेट्रोलवर चालणारं यंत्र बाजारात आणलं. तत्त्व तेच राहिलं. फिरणारी पाती आणि खालचं स्थिर पातं यांच्यात गवत कात्रीसारखं कापलं जातं.

आमच्या भागातल्या एका शाळेत असं एक यंत्र होतं, मागून धरून चालवायचं. इंजिन एका सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक. पाच वर्षं ते बंद होतं. पावसाळा संपला की साठीचे माळीमामा सगळं मैदान उकिडवं बसून विळ्यानं कापायचे. यंत्र किलोच्या भावानं विकायचं ठरलं, तेव्हा मी महिनाभराची मुदत मागून घेतली आणि फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या आमच्या चाचांना घेऊन गेलो. चाचा म्हणाले, ‘‘शायरसाहेब, आधी विचारायचं, मग खोलायचं.’’

विचारायचे प्रश्न तीनच. ठिणगी पडते का? पेट्रोल पोचतं का? सिलिंडरमध्ये दाब तयार होतो का? पण त्याआधी एक गोष्ट विसरू नये. यंत्राला हात लावण्यापूर्वी प्लगची वायर काढून बाजूला ठेवावी. पातं हातानं फिरवलं तर इंजिनही फिरतं आणि चुकून सुरू झालं तर बोटं जातात. पिस्टन गंजून अडकला असेल तर हातोडी मारू नये. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडावं आणि दोन-चार दिवस वाट पाहावी.

पहिला प्रश्न ठिणगीचा. प्लग काढून वायर जोडायची, प्लगचं धातूचं अंग इंजिनाला टेकवायचं आणि दोरी ओढायची. त्या वेळी जवळपास पेट्रोल सांडलेलं नको. निळी, कडक ठिणगी दिसली तर उत्तम. या यंत्रात काहीच दिसलं नाही. जुन्या इंजिनात बॅटरी नसते. फ्लायव्हीलमधलं लोहचुंबक कॉइलजवळून फिरतं आणि बारीक पॉइंट उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. पडून राहिलं की या पॉइंटवर मळाचा थर बसतो. चाचांनी बारीक पॉलिश पेपरनं तो काढला आणि फिलर गेज घालून फट जुळवली. अशा बऱ्याच इंजिनांत ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. तरी कंपनीच्या पुस्तकातला आकडा खरा मानावा. ठिणगी आली!

दुसरा प्रश्न पेट्रोलचा. जुनं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट रोगण उरतं. त्यानं कार्ब्युरेटरमधल्या जेटचं भोक बुजतं. तिथे तार घालायचा मोह टाळावा, कारण ते भोक मापाचं असतं. ते क्लीनर आणि हवेच्या झोतानंच साफ करावं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून नळी नवी घालावी आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून ठेवावी.

तिसरा प्रश्न दाबाचा. दोरी हाताला सैल लागली तर दाब कमी आहे. मग प्लगच्या भोकातून चार थेंब ऑइल सोडून पुन्हा पाहावं. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. इथे व्हॉल्व्हच निघाले. चाचांनी पेस्ट लावून ते त्यांच्या बैठकीवर हातानं घासले. कडेला सगळीकडे सारखी करडी रेघ उमटेपर्यंत ते थांबले नाहीत.

मग पंख्यांत अडकलेला भुसा काढला, कारण हे इंजिन हवेवर थंड होतं. ऑइल बदललं. पात्याला धार केली. धारेची परीक्षा सोपी आहे. पातळ कागद दोन पात्यांमध्ये धरून रूळ जपून, पात्यापासून बोटं लांब ठेवून फिरवायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे.

तिसऱ्या रविवारी इंजिन सुरू झालं. सगळा खर्च दोन हजारांच्या आत. माळीमामांनी यंत्र मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं, वळून आखलेला पट्टा पाहिला आणि काही न बोलता पुढचा पट्टा धरला.

मात्र एक काळजी राहिलीच. चाचा आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या दुकानात शिकायला कोणी नाही. मुलगा पुण्यात नोकरी करतो, ते योग्यच आहे. पण दोरी ओढताना हाताला लागणारा दाब पुस्तकात वाचून समजत नाही. म्हणून शेवटच्या रविवारी मी मुख्याध्यापकांना सांगून नववीची दोन मुलं बोलावली. चाचांनी त्यांना जोडलेलं काहीच दाखवलं नाही. कार्ब्युरेटर पुन्हा खोलून पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, ‘‘लावा.’’ मुलांना दीड तास लागला.

आपल्याकडेही असं एखादं यंत्र पडून असेल, शिलाई मशीन असेल, नाही तर पाण्याचं इंजिन. ते मिस्त्रीकडे न्याल तेव्हा घरातलं एखादं पोर सोबत न्या आणि त्याला तिथे थोडा वेळ बसू द्या. कोणत्या फटीचं माप किती, ते त्याला वहीत लिहून ठेवायला सांगा. पुढच्या वेळी दोरी त्यालाच ओढायची आहे.