शाळेच्या समितींत पहिल्यानें बसतांना

मुंबईच्या उत्तर टोंकाला दहिसर आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत उगम पावणारी नदी येथून खाडीकडे जाते, आणि नाका ओलांडला कीं दुसऱ्या शहराची हद्द लागते. १९५७ सालीं मुंबई महानगरपालिकेची सीमा येथपर्यंत वाढली, तेव्हांपासून येथील पालिकेच्या शाळा मुंबईच्या कारभारांत आल्या. अशा एखाद्या शाळेंत जिचें मूल शिकतें, ती आई सकाळीं जवळच्या इमारतींत दोन घरचीं कामें करते असें समजूं. पालकांच्या सभेंत तिचें नांव सुचविलें गेलें, कोणीं हरकत घेतली नाहीं, आणि ती शाळा व्यवस्थापन समितीची सभासद झाली. पहिल्या सभेचा निरोप आल्यावर ती कामाच्या घरीं विचारते, "वहिनी, तिथं मीं काय बोलायचं?" उत्तर मिळतें, "अहो, नुसतं ऐकून या. सांगतील तिथं सही करा."

सल्ला आपुलकीचा आहे. पण कायद्याची अपेक्षा याच्या अगदीं उलट आहे.

शाळांचा कारभार लोकांच्या प्रतिनिधींनीं पाहावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. मुंबई इलाख्यांत १९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें स्कूल बोर्डें आलीं. परंतु शाळेंत आपलें मूल असणें ही त्या बोर्डावर बसण्याची पात्रता नव्हती. तो मान आईबापांना २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें दिला. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याच्या २१ व्या कलमानें सरकारी, पालिकेच्या व अनुदानित शाळांतून अशी समिति असलीच पाहिजे, तिचे निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असल्या पाहिजेत. म्हणजे बारा खुर्च्या मांडल्या तर नऊ खुर्च्या आईबापांच्या. अध्यक्ष पालकांतूनच निवडावयाचा असतो. मुख्याध्यापक सचिवाचें काम पाहतात. सभा महिन्यांतून निदान एकदां व्हावी असा नियम आहे. विनाअनुदानित खाजगी शाळांना मात्र हें कलम लागू नाहीं.

या समितीचीं मुख्य कामें तीन. शाळा नीट चालते कीं नाहीं यावर लक्ष ठेवणें. शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करून त्याची शिफारस करणें. आणि शाळेला मिळालेलें अनुदान कशावर खर्च झालें तें पाहणें. अनुदानित शाळांत समितीचें काम फक्त सल्ला देण्याचें असतें. पालिकेच्या शाळेंत तसें नाहीं.

आतां सहीचा प्रश्न. सभेंत एक वही फिरते. तींत हजेरीची सही असते, आणि पुढें वृत्तांतहि लिहिलेला असतो. हजेरीची सही म्हणजे "आलें" एवढेंच, ठरावाखालची सही म्हणजे "मान्य आहे." हा भेद नवख्या सभासदाला कोणी सांगत नाहीं. ठरावाखालीं सही करण्यापूर्वीं तो मोठ्यानें वाचून दाखविण्यास सांगणें यांत उद्धटपणा मुळींच नाहीं. अक्षर लागत नसेल त्या बाईला तर तो हक्क दुपटीनें आहे. कारण कायद्यानें पालकाकडे मागितलें आहे तें मूल, शिक्षण नव्हे.

बोलावें काय, याचें उत्तर कायद्याच्या परिशिष्टांत आहे. पहिली ते पांचवीच्या वर्गांत एकूण ६० मुलें असतील तर २ शिक्षक हवेत, १२० असतील तर ४. सहावी ते आठवीस दर ३५ मुलांमागें निदान १ शिक्षक हवा. मुलांना व मुलींना निरनिराळीं स्वच्छतागृहें, पिण्याचें शुद्ध पाणी, खेळण्यास जागा आणि ग्रंथालय हवें. आईला यांतील एकहि आंकडा पाठ नसला तरी चालेल. "आमच्या मुलीच्या वर्गाला सध्यां शिक्षक कोण आहेत?" किंवा "मुलींच्या संडासाला पाणी असतं का?" एवढें तिनें विचारलें कीं परिशिष्ट सभेंत आलेंच.

असा प्रश्न विचारल्यानें मुख्याध्यापकांचा अपमान होतो, हा समज सर्वांत मोठी अडचण आहे. वस्तुतः शिक्षकांची नेमणूक मुख्याध्यापकांच्या हातीं नसते. त्यांनीं एकट्यानें पाठविलेलें मागणीपत्र हें एका नोकराचें पत्र ठरतें. समितीच्या आराखड्यांतील मागणी ही कायद्यानें नेमलेल्या मंडळाची ठरते. २२ व्या कलमानें असा आराखडा पुढील योजनांचा व अनुदानाचा पाया मानला आहे. ज्या गोष्टीबद्दल सभेंत कोणी बोललेंच नाहीं, ती त्यांत यावी कशी?

सुशिक्षित घराचें कर्तव्य येथें सुरू होतें. त्या घरचें मूल दुसऱ्या शाळेंत जात असेल; पण आपल्या घरीं राबणाऱ्या बाईंसाठीं सभेचा दिवस म्हणजे कामाचा खाडा असतो. तो न कापणें ही पहिली मदत. सभेची सूचना आदल्या दिवशीं वाचून दाखविणें, तिच्या मनांतला प्रश्न तिच्याच शब्दांत कागदावर उतरवून देणें, ही दुसरी. तिच्या वतीनें बोलावयास जाणें मात्र नको. खुर्ची तिची आहे.

पहिल्या सभेंत कदाचित् तिचा एकच प्रश्न होईल, आणि उत्तर मिळेल, "पाहूं." तेवढ्यानें निराश होऊं नये. तो प्रश्न वृत्तांतांत लिहून घेतला गेला, इतकें मात्र तिनें पाहावें. पुढल्या महिन्यांत सभा भरेल तेव्हां आरंभींच मागचा वृत्तांत वाचण्यास तिनें सांगावें. मग तो प्रश्न तिला पुन्हां विचारावा लागणार नाहीं; वहीच तो विचारील.