गाडी जिथं थांबते, तिथून पुढे
उघड्यावरचा मुक्काम : भाग ६

मागच्या भागात तंबू कसा निवडायचा ते पाहिलं. तंबू घरात आला की पहिल्याच शनिवारी पुढचा प्रश्न उभा राहतो: लावायचा कुठे? अपेक्षा तशी साधी असते. आजूबाजूला तंबूच असावेत. शेजारी पार्किंग नको, जनरेटर नको, मध्यरात्री कुणाच्या वाढदिवसाचा केक आणि टाळ्या नकोत. पण 'फक्त तंबूवाल्यांसाठी' अशी पाटी शोधत पुण्याबाहेर पडलात, तर हाती फारसं लागणार नाही. जागा आहेत. त्या पाटीवरून ओळखता येत नाहीत, इतकंच.

ही वर्गवारी मुळात अमेरिकेतली. तिथं सुट्टीला निघालेली कितीतरी कुटुंबं घरच चाकांवर घालून नेतात. त्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर, एसी सगळं असतं. या चाकांवरच्या घराला वीज लागते, आणि जिथं जोडणी नसते तिथं जनरेटर सुरू होतो. शेजारी कापडाच्या भिंतीआड झोपलेल्या माणसाचं मग काय होतं, ते सांगायला नको. म्हणून बऱ्याच ठिकाणी तंबूंसाठी वेगळे भाग राखले गेले. त्यातला सगळ्यात नावाजलेला म्हणजे कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातला 'कॅम्प फोर'. गाडी वाहनतळावर सोडायची, सामान पाठीवर घ्यायचं आणि चालत जायचं. ट्रेलर आणि चाकांवरच्या घरांना तिथं मज्जाव. एका जागेवर सहा माणसं, आणि तुम्ही दोघंच गेलात तर उरलेले चौघे अनोळखी. अमेरिकेतल्या कातळारोहणाची एक अख्खी पिढी या धुळकट मैदानात वाढली. जानेवारी १९९७ मध्ये मर्सेड नदीला मोठा पूर आला. त्यानंतर उद्यान प्रशासनानं या मैदानालगत इमारती बांधायचं ठरवलं, तेव्हा टॉम फ्रॉस्ट या जुन्या गिर्यारोहकाच्या पुढाकारानं गिर्यारोहक न्यायालयात गेले. २००३ मध्ये या मैदानाची नोंद तिथल्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. मिरवण्याजोगी एकही इमारत नसलेल्या जागेला हा मान मिळाला, याचं मला फार कौतुक वाटतं.

कॅम्प फोरकडून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. गाडी आणि तंबू यांच्यात चालायचं अंतर आहे, आणि रात्री दहानंतर शांतता पाळायला लावणारं कुणीतरी तिथं आहे. पाटी नसली तरी या दोन गोष्टी असतील, तर ती जागा तंबूवाल्यांची झाली. उलट पाटी असून यातलं काहीच नसेल, तर रात्रभर दुसऱ्यांची गाणी ऐकायची तयारी ठेवावी.

महाराष्ट्राचं कॅराव्हॅन धोरण २०२१ मध्ये आलं, पण रस्त्यावर कॅराव्हॅन मोजक्याच दिसतात. आपल्याकडे तंबूवाल्याची झोप मोडतो तो दुसरा तंबूवाला. पवना धरणाचा काठ हे त्याचं उघड उदाहरण. ठाकूरसई, गेव्हंडे, ब्राह्मणोली या बाजूला शनिवारी संध्याकाळी गेलात, तर तंबूंच्या रांगाच्या रांगा दिसतील. एका बाजूला तुंग, दुसरीकडे तिकोना, मागे लोहगड-विसापूर. जागेला नावं ठेवायला वाव नाही. पण तिथं विकली जाते ती जागा नव्हे, पॅकेज. तंबू त्यांचा, गादी त्यांची, बार्बेक्यू त्यांचं, गायक त्यांचा आणि स्पीकरही त्यांचाच. गाडी तंबूच्या दोरीला लागेल इतकी जवळ उभी करता येते, आणि हीच सोय म्हणून सांगितली जाते. यात गावकऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. या काठावरच्या अनेक कुटुंबांच्या जमिनी धरणात गेल्या. उरल्यासुरल्या तुकड्यावर शेतीपेक्षा शनिवार-रविवार जास्त पिकत असेल तर ते शनिवार-रविवारच पेरणार. प्रश्न एवढाच की, ज्याला झोपायचं आहे त्यानं तिथं काय करायचं.

त्यानं फोनवर वेगळी भाषा बोलायची. 'पॅकेज काय आहे?' असं विचारलंत की तुम्ही त्या रांगेत गेलात. त्याऐवजी, 'दादा, तंबू आमचा आहे, जेवण आमचं आम्ही करू, फक्त जागा मिळेल का?' असं विचारा. बरेच जण नाही म्हणतील, कारण नुसत्या जागेत त्यांना काही सुटत नाही. जो हो म्हणेल, त्याला गाडी कुठपर्यंत येते ते विचारा. 'अगदी तंबूपर्यंत' असं अभिमानानं सांगितलं, तर नम्रपणे फोन ठेवा. 'गाडी देवळापाशी लावायची, पुढं पाच-सात मिनिटं चालावं लागतं' असं जरा ओशाळून सांगितलं, तर जागा सापडली समजा. स्पीकर उचलून पाच-सात मिनिटं चालणारे लोक फार नसतात. पिण्याचं पाणी आणि संडास किती लांब आहे, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावं. शेवटी एक गोष्ट विचारायची: रात्री दहाला स्पीकर बंद कोण करतं? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला त्यात बंदी आहे. नियम सगळ्यांना ठाऊक असतो. तो बजावायला उठणारा माणूस आहे का, हे विचारायचं.

हा माणूस किती महत्त्वाचा असतो, ते पाहायला योसेमिटीला जायची गरज नाही. जगात क्वचितच असतील इतके शिस्तीचे तंबूतळ दरवर्षी आषाढीच्या आधी पुण्याच्या वेशीबाहेर पडतात. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात दोन रात्री असते. तेव्हा वारकरी शाळांत, देवळांत, वाड्यांत आणि लोकांच्या घरी उतरतात. दिवे घाट चढून सासवडला पोचल्यावर मात्र वस्ती तंबूंची. पुढं जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण असं करत वाखरीपर्यंत. दिंडीचा ट्रक पुढं जातो, गडीमाणसं राहुट्या ठोकून ठेवतात, आणि चालून आलेल्या वारकऱ्याला आपली राहुटी कुठं असेल ते आधीच ठाऊक असतं. दिंड्यांना क्रमांक आहेत, रथापुढच्या आणि रथामागच्या. माउलींचा तंबू येतो तो बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोहळ्याची जी घडी बसवली, तिच्यातला हा मान अजून चालू आहे.

संध्याकाळी तळावर समाजआरती होते. हजारो माणसं, टाळ-मृदंगाचा कल्लोळ, आणि चोपदारानं दंड उंचावला की सगळं एकदम गप्प. मग हरवलं-सापडलं पुकारलं जातं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती एकटीच टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतात. तळावर ट्रक येतात, कर्णे लागतात, गर्दीचा तर हिशेबच नाही. तरी तळ चालतो, कारण कुणी कुठं उतरायचं हे ठरलेलं आहे आणि गप्प बसवण्याचा अधिकार कुणाचा हेही ठरलेलं आहे. पंढरपुरात चंद्रभागेपलीकडं '६५ एकर' म्हणून ओळखलं जाणारं मैदान आहे. तिथं दिंड्यांना तंबूंसाठी प्लॉट नेमून दिले जातात, पाणी आणि शौचालयांची सोय असते. म्हणजे तंबूंसाठी जमीन राखून ठेवणं आपल्या प्रशासनाला चांगलं जमतं. हौशी भटक्यांसाठी ते कुणी केलेलं नाही, कारण त्यांनी कधी दिंडीसारखं एकत्र येऊन मागितलेलं नाही.

मालकी ही बाब कंटाळवाणी आहे, पण टाळता येत नाही. धरणाच्या काठावरची जमीन तीन प्रकारची असते: खासगी, वनखात्याची, आणि धरणासाठी संपादित झालेली. हिवाळ्यानंतर पाणी उतरतं तशी बुडीत जमीन उघडी पडते. जलसंपदा विभाग ती काही वेळा गाळपेरासाठी देतो. पण गाळपेराला दिली म्हणजे तंबूला दिली असं होत नाही. जाहिरातीतल्या फोटोत ज्या जागी पाणी तंबूच्या दाराशी असतं, ती बऱ्याचदा ही संपादित पट्टी असते. मे महिन्यात त्याच जागेवरून पाण्यापर्यंत भेगाळलेला चिखल तुडवत जावं लागतं. शंका असेल तर गट नंबर मागून घ्या आणि सातबारा ऑनलाइन पाहा. भोगवटादाराचं नाव तिथं असतं. कृषी पर्यटनाचं धोरण २०२० मध्ये आणि साहसी पर्यटनाचं २०२१ मध्ये आलं. त्या पर्यटन केंद्राची नोंदणी आहे का, हे विचारण्यात गैर काही नाही.

गडांचं सांगायला वाईट वाटतं. आमच्या पिढीनं तंबू बाळगलाच नाही, कारण गडावरचं देऊळ किंवा गुहा हाच मुक्काम असायचा. आता ते दिवस गेले. केंद्र संरक्षित स्मारकांना, त्यात लोहगड, विसापूर, शिवनेरी आले, १९५९ चे नियम लागू आहेत. वेगळी वेळ नेमलेली नसेल तर स्मारक सूर्योदय ते सूर्यास्त एवढंच उघडं. राज्य संरक्षित किल्ल्यांवरच्या मुक्कामालाही मनाई करणारे आदेश निघालेले आहेत. जुलै २०२५ मध्ये राजगड, लोहगड, शिवनेरी यांच्यासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा पहारा ढिला होण्याची आशा धरू नये. अभयारण्यांत, म्हणजे भीमाशंकर किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसरात, वनखात्याची परवानगी लागते. राखीव वनात चूल किंवा शेकोटी पेटवणं हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हाच आहे. फाल्गुनात वाळलेल्या गवताचा डोंगर एका ठिणगीनं कसा जातो ते ज्यानं पाहिलंय, त्याला कायदा सांगावा लागत नाही.

मग उरतं काय? गडाच्या पोटातली गावं. राजमाचीच्या पायथ्याची उधेवाडी हे त्यातलं जुनं आणि चांगलं उदाहरण. लोणावळ्याहून पंधरा-सोळा किलोमीटरची कच्ची वाट, श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले डोक्यावर, आणि अंगणात तंबू लावू देणारी, पिठलं-भाकरी करून देणारी घरं. मात्र काजव्यांचे शनिवार-रविवार वगळून जावं. मेअखेरीला तिथं काजव्यांपेक्षा मोबाइलचे दिवे जास्त चमकतात. वेल्ह्याकडं आणि मुळशीच्या आतल्या बाजूलाही अशी गावं आहेत. तिथं कुणाचा तयार नंबर मिळवण्यापेक्षा दिवसा एक चक्कर मारून दुकानात चहा घेता घेता विचारलेलं बरं. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या भागात उसाच्या कडेला तंबू ठोकू नये. तिथले बिबटे उसातच राहतात, उसातच पिल्लं घालतात, आणि लहान मूल बरोबर असेल तर ही भीती अतिरेकी म्हणता येणार नाही. वस्तीच्या अंगणात, दिव्याच्या उजेडात लावा.

जमीन पाहताना सह्याद्रीचा स्वभाव ध्यानात ठेवा. वरून माती दिसते, वीतभर खाली कातळ. परदेशी व्हिडिओत सपकन आत जाणारी खुंटी इथं वाकते. लवचिक दांड्यांच्या कमानींवर आपला आपण उभा राहणारा तंबू, आणि दोऱ्या बांधायला मोठे दगड, हा आपला मार्ग. काढलेले दगड सकाळी जागच्या जागी ठेवा, पण उचलताना आधी काठीनं हलवा. फुरसं आणि विंचू दोघांनाही तीच जागा आवडते. मण्यार रात्री हिंडते, झोपलेल्या माणसाला चावते आणि बऱ्याचदा चावल्याचं कळतही नाही. म्हणून तळ शिवलेला, चेन पूर्ण लागणारा तंबू, आणि ती चेन आत गेल्यावर आणि बाहेर पडल्यावरही बंद. कड्यावर काळी पोळी लोंबत असतील तर धूर करू नका, अत्तर-फवारे मारू नका. आग्या माश्या तंबूत शिरल्या तर पळायला वाट नसते.

पावसाळ्यात मी तंबू सुचवत नाही. जून २०२४ च्या अखेरीस भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनानं धबधबे आणि धरणांच्या काठांवर मनाई आदेश काढले. तेव्हापासून पावसाळ्यात निघण्यापूर्वी आदेश काय आहेत ते पाहूनच निघावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला मोसम. तेव्हा पाण्याच्या अगदी काठाशी तंबू लावलात तर पहाटे आतलं कापड दवानं आणि श्वासाच्या वाफेनं गळायला लागतं. काठापासून जरा वर, वारा लागेल पण झोंबणार नाही अशा उंचवट्यावर लावला तर कोरडं उठता येतं.

आणि सुट्टी मिळत असेल तर मंगळवारी जा. पवनेच्या ज्या काठावर शनिवारी पाय ठेवायला जागा नसते, तिथला मालक मंगळवारी नुसत्या जागेचे पैसे खुशीनं घेतो. गायक त्या दिवशी येत नाही, त्याला पुण्यात दुसरी नोकरी असते.

पुढच्या भागात: मुक्कामाचं पाणी. विहिरीचं, टाक्याचं, ओढ्याचं, आणि ते पिण्याजोगं कसं करायचं.