तो सी मेजर नव्हताच

पाच वर्षं वर्गणी भरून वापरलेलं, गाण्यातल्या कॉर्ड्स शोधणारं एक ॲप गेल्या महिन्यात बंद झालं. मेल आली, पंधरा दिवसांची मुदत मिळाली, आणि मी रात्री जागून दुरुस्त केलेल्या दोनशेहून जास्त गाण्यांच्या कॉर्ड्स गेल्या. त्या उतरवून घ्यायची सोयच ठेवलेली नव्हती. दुरुस्त्या गेल्याचं दुःख आहेच. पण त्याहून मोठा राग याचा, की आपण अमुक कॉर्ड कशावरून ठरवली, हे त्या ॲपने पाच वर्षांत एकदाही दाखवलं नाही.

यंत्राने कॉर्ड ओळखण्याचा सुरुवातीचा इतिहास थोडक्यात. १९९९ साली स्टॅनफर्डमध्ये ताकुया फुजिशिमा यांनी सगळी सप्तकं एकावर एक ठेवून बारा सुरांचे बारा खण केले आणि कुठल्या खणात किती जोर आहे त्यावरून कॉर्ड ओळखली. २००५मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात ख्रिस हार्ट आणि सहकाऱ्यांनी कॉर्ड्स लिहायची एक काटेकोर पद्धत मांडली. पुढे बीटल्सची १८० गाणी तशी लिहून झाली. आम्ही वाद्यवृंदवाले तेव्हाही कॅसेट मागेपुढे करत कानाने कॉर्ड्स काढत होतो. टेपचा वेग जरा सरकलेला असला की गाणं ना काळी एकमध्ये, ना पांढरी दोनमध्ये.

माझं दशक त्यानंतरचं. क्वीन मेरीतूनच आलेलं, आवाज पडद्यावर दाखवणारं सॉनिक व्हिज्युअलायझर, आणि त्यात २०१०च्या सुमारास मथियास माउख यांचं कॉर्ड ओळखणारं कॉर्डिनो. गाणं उघडायचं, हिरवट पडद्यावर सुरांचे आडवे पट्टे दिसायचे, खाली बारा खणांची पट्टी, तिच्याखाली कॉर्डचं नाव. टेपचा सरकलेला सूर ते स्वतःच मोजून घ्यायचं.

एका रात्री मी तंबोऱ्याची नुसती खर्जाची तार छेडून मुद्रित केली आणि आधीच्या एका साध्या प्रोग्रॅमला दिली. उत्तर आलं सी मेजर. एकाच तारेत मेजर कॉर्ड कुठून आली? पण तारेतून पंचम निघतो आणि स्वयंभू गांधारही निघतो, हे तंबोरा लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. यंत्राने षड्ज, गांधार, पंचम मोजले आणि कॉर्ड लिहून टाकली. माउख यांनी नेमकी हीच अडचण हेरली होती. कुठले सूर खरोखर वाजले आणि कुठले त्यांच्या पोटातून आले, याचा हिशेब त्यांची पद्धत आधी करते, मगच खण भरते. तीच तार कॉर्डिनोत टाकली तेव्हा षड्जाचा खण उंच आणि गांधाराचा बुटका झालेला मी डोळ्यांनी पाहिला. कॉर्डिनोही चुकायचं, पण कुठे चुकलं ते दिसायचं, आणि तिथे कान लावता यायचा.

तेव्हा काही ज्येष्ठ वादक म्हणायचे, पडद्यावर बघून वाजवणाऱ्याचा कान मरतो. मी त्यांच्याशी भांडलो, आणि ते भांडण मला आजही योग्य वाटतं. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस या गोव्याच्या अरेंजर्सनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हायोलिनांच्या मागे जे डिमिनिश्ड आणि सिक्स्थ पेरून ठेवले, त्यांतले कितीतरी मला आधी त्या पट्ट्यांत दिसले आणि मगच ऐकू आले.

२०१३ला नेदरलँड्समधून कॉर्डिफाय आलं आणि चौकटीत कॉर्ड दाखवायची रीत रूढ झाली. २०१९ला डीझरने स्प्लीटर मोफत दिलं. आवाज आणि वाद्यं वेगळी करता येऊ लागली, हे मोठं काम झालं. पुढे सगळं फोनवर आलं, आणि मधली पट्टी नाहीशी झाली. उरली ती फक्त चौकट. माझ्याकडे येणारी हुशार मुलं त्या गोव्याच्या माणसांचा डिमिनिश्ड सरळ मायनर करून वाजवतात. बेस ऐक म्हटलं, तर फोन पुढे करतात, "सर, यात असंच आहे." मुलांचा दोष नाही. शंका घ्यायला जागाच न ठेवणारं साधन त्यांच्या हातात दिलं गेलं आहे. बरीच वर्षं या साधनांचे गुण मुख्यतः बारा मेजर आणि बारा मायनर, एवढ्यावरच मोजले गेले. ज्या बारकाव्याला गुण नाहीत, तो कोण शोधणार?

सॉनिक व्हिज्युअलायझर आणि कॉर्डिनो आजही मोफत मिळतात, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात आणि काढलेल्या कॉर्ड्स साध्या फाइलमध्ये आपल्याच संगणकावर राहतात. शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: या आठवड्यात एक जुनं गाणं घ्या, मुलांकडून कॉर्ड्स आधी कानाने कागदावर लिहून घ्या, आणि मग त्यांना ती बारा खणांची पट्टी उघडून दाखवा.