पदवी कॅनडाची, वास्तव्य मात्र अनिश्चित

आधी शिक्षण, मग नोकरी आणि त्यानंतर कायमचे वास्तव्य, अशी तीन पायऱ्यांची वाट कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांसमोर दीर्घकाळ ठेवली. ही वाट बंद झालेली नाही. तिसरी पायरी मात्र कमालीची उंच झाली आहे. कर्ज काढून मुलांना तिकडे पाठविणाऱ्या पालकांनी हा फरक समजून घेणे आवश्यक आहे.

विद्यार्थी परवान्यातून कायम निवासाचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. अभ्यासक्रमानंतरचा काम परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो आणि तो आयुष्यात एकदाच मिळतो. या मुदतीत कुशल श्रेणीतील किमान एक वर्षाचा अनुभव जमवावा लागतो. शिकता शिकता हॉटेलात किंवा दुकानात केलेले काम त्यात धरले जात नाही.

खरी मेख आहे ती 'एक्स्प्रेस एंट्री' या गुणांकन पद्धतीत. वय, शिक्षण, भाषा व अनुभव यांवर गुण मिळतात. पण उत्तीर्णतेची ठरावीक रेषाच नाही. रांगेत किती जण आहेत आणि सरकार किती जणांना बोलावते, यावर ती ठरते. फेब्रुवारी २०२१ मध्ये एकाच फेरीत २७,३३२ जणांना बोलावण्यात आले आणि अवघे ७५ गुण पुरले. करोनाकाळातील तो अपवाद एजंट मंडळी अजूनही उदाहरण म्हणून सांगतात! २०२५ मध्ये कॅनडातील अनुभव असलेल्यांच्या फेऱ्यांत ही रेषा पाचशेच्या वर राहिली. त्याच वर्षी मार्चमध्ये नोकरीच्या प्रस्तावाचे गुणही रद्द झाले. तिशी उलटली की वयाचे गुण दरवर्षी घटतात, त्यामुळे 'पुढच्या वर्षी पाहू' असे म्हणणेही महागात पडते.

दुसरीकडे जागाही आक्रसल्या. २०२५ साठी पाच लाख कायम निवासींचे उद्दिष्ट होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते ३ लाख ९५ हजारांवर आणले गेले. २०२६ ते २०२८ या काळासाठी ते दरवर्षी ३ लाख ८० हजार आहे.

कॉलेजांतील पदविकांबाबत अधिक सावध राहावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांचा अभ्यासक्रम ठरवून दिलेल्या विषयांत नसेल, तर पुढे काम परवानाच मिळत नाही. विद्यापीठाच्या पदवीला विषयाची ही अट नाही. भाषा परीक्षा मात्र सर्वांनाच आहे.

फ्रेंच जाणणाऱ्यांसाठीच्या स्वतंत्र फेऱ्यांत तुलनेने बऱ्याच कमी गुणांवर निवड होते. दहावी-बारावीला गुण वाढविण्यासाठी घेतलेली फ्रेंच येथे पुरणारी नाही. वाचन, लेखन, श्रवण व संभाषण या चारही अंगांची परीक्षा द्यावी लागते.